भानुमतीने माफीनामा लिहिला नाही

दक्षिणेतल्या जुन्या नट्यांबद्दल आपल्याकडे जे काही पोचतं ते बहुतेक त्यांच्या मरणाच्या वाटेने पोचतं. सावित्री म्हटलं की दारू, फसलेला संसार आणि एकोणीस महिन्यांचा कोमा. सिल्क स्मिता म्हटलं की १९९६ चा सप्टेंबर आणि मद्रासच्या घरातला तो शेवट. सिल्क स्मिताच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन २०११ साली हिंदी चित्रपट निघाला, सावित्रीवर २०१८ साली तेलुगू निघाला, दोन्हींतल्या नायिकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि आपण डोळे पुसत घरी आलो. मीही रडले. त्या बायकांचं दुःख खरंच होतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण जी बाई कोलमडली नाही तिची गोष्ट आपल्याला कुणी सांगत का नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. म्हणून आज तेलुगू-तमिळ सिनेमातल्या नटी पालुवाई भानुमती रामकृष्ण यांच्याबद्दल लिहिते आहे. पोस्ट लांब होणार आहे. सवडीने वाचा.

भानुमतींचा जन्म १९२५ चा, आंध्रातल्या ओंगोलजवळच्या दोड्डावरम गावचा. वडील बोम्मराजू वेंकटसुब्बय्या स्वतः गाण्यातले, आणि मुलीचं पहिलं शिक्षण त्यांच्याचकडे झालं. पहिला चित्रपट १९३९ चा ‘वरविक्रयम्’. नावातच विषय आहे, नवऱ्यामुलाचा बाजार. कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीने काढलेल्या या हुंडाविरोधी चित्रपटात तेरा-चौदा वर्षांच्या भानुमतीने कालिंदी केली होती. म्हाताऱ्याशी लग्न लावून देणार म्हणून जीव देणारी मुलगी. बहिणीचं काम पुष्पवल्लीने केलं होतं, म्हणजे आपल्या रेखाच्या आईने. वडिलांची निर्मात्यांना अट असे की नायक मुलीला मिठीबिठी मारणार नाही. आज ही अट जुनाट वाटेल. मला मात्र तिच्यात दुसरंच काही दिसतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधी आपल्या अटी सांगायच्या असतात, हे त्या मुलीने पहिल्याच दिवसापासून पाहिलं.

तिने स्वतःसाठी घातलेली पहिली अट मात्र वडिलांच्याच विरोधातली निघाली. ‘कृष्णप्रेम’च्या सेटवर पी. एस. रामकृष्ण राव सहायक दिग्दर्शक होते. घरचा विरोध मोडून १९४३ साली तिने त्यांच्याशी लग्न केलं आणि सिनेमा सोडून संसार करायचा ठरवलं. दिग्दर्शक बी. एन. रेड्डी एका भूमिकेसाठी मागे लागले नसते तर गोष्ट इथेच संपली असती. ती भूमिका म्हणजे १९४५ च्या ‘स्वर्गसीमा’तली सुजाता, रस्त्यावर खेळ करणारी पोरगी, जी पुढे रंगभूमीची तारका होते आणि एका सुखी घरात वादळ आणते. खरं तर खलनायिकेचंच काम. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते तिचं पारव्याला उद्देशून म्हटलेलं गाणं, आणि त्या गाण्याने भानुमती घराघरात पोचली.

त्या गाण्याचा आवाज तिचा स्वतःचा आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. बोलपटांच्या सुरुवातीला सगळेच नट स्वतः गात, पण १९५० च्या सुमारापर्यंत पार्श्वगायनाने तो प्रकार जवळजवळ संपवला होता. पडद्यावर एक बाई आणि माइकसमोर दुसरी, हीच रीत झाली. भानुमतींनी तेलुगूत आणि तमिळमध्ये आपला गळा सोडला नाही. लताबाईंच्या पट्टीला सरावलेल्या आपल्या कानाला त्यांचा आवाज आधी जरा जड वाटतो, थोडा नाकातला, मध्येच धार असलेला. दोन-तीन गाणी ऐका. मग कळतं की त्या जशा बोलतात तशाच गातात, वाक्य बोलता बोलता गाण्यात शिरतात आणि जोड कुठे आहे ते सापडत नाही. १९५६ च्या ‘अलिबाबावुम् ४० तिरुडर्गळुम्’ मधलं ‘अळगान पोण्णु नान’ ऐकून बघा. तमिळ येत नसलं तरी काही अडणार नाही. हिंदीत मात्र हे नेहमीच चाललं नाही. जेमिनीच्या ‘निशान’मध्ये त्यांना शमशाद बेगमचा आवाज दिला होता. शमशाद मला अतिशय आवडते, तरी तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

आणि ‘मल्लीश्वरी’. १९५१, दिग्दर्शन पुन्हा बी. एन. रेड्डी यांचं, गीतं देवुलपल्ली कृष्णशास्त्रींची, संगीत एस. राजेश्वर राव यांचं, समोर तरुण एन. टी. रामाराव. विजयनगरच्या कृष्णदेवरायाचा काळ. मल्ली आणि नागराजू ही आते-मामे भावंडं, लहानपणापासून एकमेकांची. पावसात एका धर्मशाळेत अडकलेली असताना मल्ली नाचते, वेष पालटून फिरणारा राजा ते पाहतो, आणि नागराजू गंमतीत म्हणून जातो की हिच्यासाठी राजवाड्याची पालखी पाठवा. नागराजू पैसे कमवायला परगावी गेलेला असताना ती पालखी खरोखर दारात येते. राजवाड्यात मान आहे, सोनं आहे, पण आत गेलेल्या मुलीने बाहेरच्या पुरुषाला भेटणं म्हणजे मृत्युदंड. कलेचं बक्षीस म्हणून तुरुंग मिळालेल्या मुलीची ही गोष्ट आहे. पालखी उचलली जाते तेव्हाचा भानुमतींचा चेहरा पाहा. रडणं नाही, किंचाळणं नाही. आपल्याशी काय घडतंय हे हळूहळू उमजत जाणारा चेहरा आहे तो. मी तेव्हाचे पुष्कळ हिंदी-मराठी चित्रपट पाहिले आहेत. त्या काळात इतका संयत अभिनय मला क्वचितच दिसला. चीनमध्येसुद्धा ‘मल्लीश्वरी’ चिनी उपशीर्षकांसह दाखवला गेला होता. आपल्या चित्रपटरसिकांच्या याद्यांत त्याचं नाव नसतं, याचं मला वाईट वाटतं.

एवढंच केलं असतं तरी त्या मोठ्या नटी ठरल्या असत्या. पण तोवर नवरा-बायकोने स्वतःची संस्था काढली होती, भरणी पिक्चर्स, मुलाच्या नावाने. पाठोपाठ मद्रासच्या सालिग्रामम् भागात भरणी स्टुडिओ उभा राहिला. १९५३ साली भानुमतींनी ‘चंडीराणी’ दिग्दर्शित केला, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषांत एकाच वेळी. याचा व्यवहारात अर्थ काय होतो ते बघा. एक शॉट लावायचा, दिवे लावायचे, मग तोच प्रसंग तीन भाषांत तीनदा चित्रित करायचा. त्यात नायिकेची दुहेरी भूमिका, म्हणजे दोघी एका चौकटीत आल्या की अर्धी चौकट झाकून तीच फिल्म पुन्हा चालवायची. आणि ती दुहेरी भूमिका करणारी, गाणारी आणि ‘कट’ म्हणणारी बाई एकच. वय अठ्ठावीसच्या आत. त्या भारतातल्या पहिल्या दिग्दर्शिका नव्हेत. मुंबईत फातमा बेगम आणि मद्रासला टी. पी. राजलक्ष्मी त्यांच्या आधी होऊन गेल्या होत्या. पण एवढा पसारा एकटीने पेलल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता माफीनाम्याची गोष्ट. विजया प्रॉडक्शन्सचे नागी रेड्डी आणि चक्रपाणी ‘मिस्सम्मा’ काढत होते, दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद. नायिका भानुमती. काही रिळांचं चित्रीकरण झालेलं होतं. एके दिवशी त्या सेटवर उशिरा आल्या. घरी वरलक्ष्मीव्रताची पूजा होती आणि तसा निरोप दिला होता, असं सांगतात. चक्रपाणींनी त्यांच्याकडे लेखी माफीनामा मागितला. भानुमतींनी नकार दिला. चक्रपाणींनी झालेली रिळं जाळून टाकली आणि नायिकेची भूमिका दिली सावित्रीला, जी त्याच चित्रपटात दुय्यम काम करणार होती. १९५५ साली ‘मिस्सम्मा’ आला आणि सावित्री सावित्री झाली. पुढे याच गोष्टीचा हिंदी ‘मिस मेरी’ मीनाकुमारीने केला.

दुसरा प्रसंग १९५८ च्या ‘नाडोडी मन्नन’चा. एम. जी. रामचंद्रन निर्माते, दिग्दर्शक, आणि नायकाच्या दोन्ही भूमिकाही त्यांच्याच. तेच तेच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित होऊ लागले तेव्हा वाद झाला आणि भानुमती मधेच बाहेर पडल्या. कथेत त्यांच्या पात्राला मारून टाकावं लागलं आणि उत्तरार्धात बी. सरोजादेवी आल्या. जो माणूस नंतर तमिळनाडूचा मुख्यमंत्री झाला, ज्याच्यापुढे सगळं तमिळनाडू वाकलं, त्याच्या सेटवरून ही बाई निघून गेली होती.

हे प्रसंग अजून सांगितले जातात ते कशासाठी? भानुमती किती गर्विष्ठ होत्या, हे सिद्ध करायला. मला याचा मनस्वी राग येतो. तासन्‌तास सेट थांबवून ठेवणाऱ्या नायकांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, त्यांच्याकडून कुणी लेखी माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. एका उशिरासाठी बाईकडून कागद लिहून घ्यायचा आणि तिने नाही म्हटल्यावर तिचं काम जाळायचं. यात गर्व नेमका कुणाचा होता?

अर्थात, भानुमती ‘नाही’ म्हणू शकल्या कारण ते काम गेलं तरी दुसऱ्या दिवशी जायला त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. हे विसरून नुसता स्वाभिमानाचा जयजयकार करणं मला खोटं वाटतं. शेजारी नवरा होता, तोही दिग्दर्शक, बायकोच्या कामाला खांदा देणारा. सावित्रीही काही लेचीपेची नव्हती. तिनेही दिग्दर्शन केलं, निर्मिती केली, आणि १९७१ च्या ‘प्राप्तम्’ने तिला कर्जात बुडवलं तेव्हा तिच्या पाठीशी उभं राहणारं कुणी नव्हतं. एक तरली, एक बुडाली, याचा हिशेब नुसत्या स्वभावावर मांडता येत नाही.

मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या परिस्थितीवरचा, केरळचा हेमा समितीचा अहवाल आठवा. २०१७ साली कोचीत एका अभिनेत्रीवर हल्ला झाला, त्यानंतर समिती नेमली गेली, २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला गेला आणि तो लोकांसमोर यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. त्यात काय आहे? सेटवर धड स्वच्छतागृह नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत, आणि तक्रार केली की काम बंद. आजच्या किती नट्यांना उद्या काम मिळेल याची खात्री मनात ठेवून ‘नाही’ म्हणता येतं? सत्तर वर्षांपूर्वी भानुमतींना जे जमलं ते आज बहुतेकींना जमत नाही. म्हणूनच ही गोष्ट मला जुन्या आठवणींच्या कपाटात ठेवायची नाही.

आपल्याकडेही अशी एक होती. शांता आपटे. १९३९ साली करारावरून वाद झाला तेव्हा प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसली होती. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून तिने या धंद्याबद्दल सडेतोड सांगितलं. आणि तीच शांता आपटे १९४१ साली मद्रासला जाऊन, तमिळ शिकून तमिळ ‘सावित्री’ची नायिका झाली. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? हंसा वाडकरांची व्यथा आपण पाठ केली, ती करायलाच हवी होती. पण शांताबाईंचं भांडण आपण एका ओळीच्या किश्शात संपवलं.

भानुमतींचं उत्तरायुष्यही मला फार आवडतं, कारण त्यात ‘विस्मृतीत गेलेली नायिका’ हा नेहमीचा शेवट नाही. १९६२ च्या ‘अन्नै’मध्ये त्या चाळिशीच्या आतच पडद्यावर आई झाल्या, आणि गोष्टीचा सगळा भार त्या आईवर आहे. १९६६ साली पद्मश्री मिळाली, पुढे पद्मभूषण. मद्रासच्या सरकारी संगीत महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. फक्त मुलांना घेऊन त्यांनी ध्रुव-मार्कंडेयाचा चित्रपट दिग्दर्शित केला. १९८४ साली ‘मंगम्मागारी मनवडु’मध्ये त्या आजी झाल्या. त्यात नातू होता बालकृष्ण, म्हणजे त्यांच्या जुन्या नायकाचा, रामारावांचा मुलगा, आणि तो चित्रपट तुफान चालला.

शिवाय त्या लेखिका होत्या, आणि चांगल्या लेखिका. ‘अत्तगारी कथलु’, म्हणजे सासूबाईंच्या गोष्टी, हा त्यांचा विनोदी कथासंग्रह तेलुगूत आजही वाचला जातो. त्याला आंध्र साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोवळ्याओवळ्यातली, आवकाय लोणच्यात जीव अडकलेली सासू आणि तिच्याकडे प्रेमाने, मिश्कील नजरेने पाहणारी सून. ‘नालो नेनु’ या त्यांच्या आत्मचरित्राला चित्रपटविषयक पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २४ डिसेंबर २००५ रोजी चेन्नईत त्या गेल्या, तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या.

माझी एक विनंती आहे. सोलापुरात, भिवंडीत अजूनही कितीतरी पद्मशाली घरांत तेलुगू बोललं जातं. तुमच्यापैकी कुणी ‘अत्तगारी कथलु’ मुळातून वाचलं असेल तर त्यातली एखादी गोष्ट मराठीत आणा. छापायची सोय आपण मिळून बघू. आणि घरातल्या आजीला भानुमतीबद्दल विचारा. थिएटरात पाहिलेला कुठला चित्रपट, कुठलं गाणं आठवतं ते खाली लिहा, मी सगळं वाचणार आहे.