‘तीन दिवसांची सहल पाच दिवस कशाला ताणता?’ : कोकणच्या आराखड्यावरील आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि फोंडा घाटाने परत, या आमच्या पाच दिवसांच्या सहलीच्या आराखड्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नकाशात रत्नागिरी ते मालवण साधारण चार तास दिसतात, तिथे आम्ही दोन दिवस घालवतो. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या नंबरपाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळत असताना आम्ही काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीचा आग्रह धरतो. घाटाचा बाऊ करतो. आणि एवढं सगळं सांगून शेवटच्या दिवशी मालवण ते सोलापूर एका दमात गाठायला लावतो.

शेवटचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून आधी तोच घेतो. मालवण ते कोल्हापूर फोंडा घाटाने सुमारे १४० किलोमीटर आणि पुढे सोलापूर २३०, म्हणजे एका दिवसात ३७०. सुरुवातीला घाट, आणि सांगोला-मंगळवेढा हा टप्पा नेमका अंधारात. ऊसतोडीच्या हंगामात त्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी तो लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरत नाही. हे माहीत असूनही आम्ही तो दिवस असा आखला, ती आमची चूक. पाचवा मुक्काम आता कोल्हापुरात आहे आणि आराखडा सहा दिवसांचा झाला आहे. म्हणजे तुम्ही दिवस कमी करायला सांगितलेत आणि तुमच्याच मुद्द्यामुळे एक वाढला.

आता ते चार तास. रत्नागिरी ते मालवण असं नुसतं टाकलं की नकाशा सहसा हातखंब्याकडे वळवून मुंबई-गोवा महामार्ग धरायला लावतो. राजापूर, कणकवली, कसाल, मग मालवण. रस्ता चांगला आहे, वेळही खरी आहे, फक्त वाटेत समुद्र नाही. ज्यासाठी निघालात ते सगळं पश्चिमेला राहून जातं. किनाऱ्याचा रस्ता हवा असेल तर पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, पडेल, देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा असे थांबे एकेक करून स्वतः भरावे लागतात. एवढे थांबे एका वेळी टाकता येत नसतील तर देवगडला तोडून दोन भाग करा. आदल्या रात्री मुक्कामावरच नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकाळ पठारावर, रेंज जाते.

हा रस्ता किनाऱ्याला समांतर सरळ जात नाही. प्रत्येक खाडीपाशी तो सड्यावरून खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. पूल जिथे खाडी अरुंद आहे तिथे, म्हणजे बऱ्याचदा आतल्या बाजूला. वाघोटण खाडीला असाच वळसा आहे. विजयदुर्गला पडेलकडून आत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. त्यामुळे सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर धरा, त्याहून जास्त नको. रत्नागिरी ते देवगड विजयदुर्गाच्या फाट्यासह सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वाचार तास नुसतं चाकावर. किल्ल्याला दीड-दोन तास, कशेळीच्या कनकादित्याला अर्धा, जेवणाला एक. सकाळी आठला निघालात तर चारच्या सुमारास देवगड. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा हातात दोन तास उरतात, आणि ते लागतातच. सोलापूरच्या सपाटीवर आपण अंतर पाहून वेळ सांगतो. सागरी रस्त्यावर आधी उजेडाचे तास मोजायचे आणि त्यात बसेल तेवढंच अंतर घ्यायचं. आमचा सगळा आराखडा या एका हिशोबावर उभा आहे.

याच रस्त्यामुळे आम्ही छोटी हॅचबॅक सुचवली होती. ‘सहा जणांना मोठी गाडीच हवी’ हे तुमचं म्हणणं खरं, पण वाडीतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती असतात. समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावं लागतं, आणि ते आपणच. मोठ्या गाडीचा आरसा आधी घासतो. साइड देताना चाक डांबराखाली उतरलं तर जांभ्याची धार टायरच्या बाजूला लागते. बाजूला पडलेली चीर पंक्चरवाल्याकडे नीट होत नाही, टायरच बदलावा लागतो आणि भाड्याच्या करारात टायर बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या माथी असतो. सहा जण असाल तर मोठी गाडी घ्या, पण चालक मात्र मागे घेण्यात हुशार असू द्या.

पाटीचा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची गाडी परवान्यावर असते आणि तिची पाटी काळी, अक्षरं पिवळी. चालकासह येणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढरी पाटी खासगी वापराची. ती पैसे घेऊन दिली तर परवान्याच्या नियमाचा भंग होतो, आणि खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने देणं बसत नाही. घाटात कुणाला धडक बसली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा गाडीमालकावर व तुमच्यावर येऊ शकतो. दिवसाला चार-पाचशे वाचवून एवढी जोखीम घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. मित्राने खरोखर मैत्रीत, पैसे न घेता गाडी दिली तर गोष्ट वेगळी.

भाडं महाग पडतं, या तुमच्या बोलण्यात मात्र तथ्य आहे. चालकासह गाडीला रोजचे किमान किलोमीटर धरतात, बऱ्याच ठिकाणी ३००, शिवाय चालकाचा भत्ता. सहा दिवसांचे १,८०० किलोमीटर होतात आणि प्रत्यक्ष धाव हजाराच्या आसपास. म्हणजे न फिरलेल्या आठशेचे पैसे जातात. म्हणून या सहलीला दिवसावर मिळणारी काळ्या पाटीची गाडी परवडते. दोघं-तिघंच असाल तर कोल्हापूरपर्यंत एसटीने जाऊन तिथून गाडी घ्या. जाऊन-येऊन ४६० किलोमीटर आणि दोन दिवसांचं भाडं वाचतं. लहान मुलं आणि सामान असेल तर सोलापूरहूनच निघा.

गाडी ताब्यात घेताना मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, पुढच्या बंपरची खालची कड, चारही टायर, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा. स्टेपनी हाताने दाबून नव्हे, हवा मोजून तपासा. जॅक आणि पाना आहे का बघा आणि तो पाना चाकाच्या नटाला खरंच बसतो का, तेही तिथेच लावून बघा. आरसी, विमा, पीयूसी, परवाना यांच्या तारखा वाचा. क्लचप्लेट जळाली तर कुणी भरायची, हे करारात शोधा. बहुधा तुम्हीच.

आणि तिथून घाटावर येतो, कारण क्लच आणि ब्रेक तिथेच जातात. आंबा घाट साखरप्याकडे उतरताना आपल्याकडचा चालक सवयीने तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये राहतो आणि पाय ब्रेकवर ठेवून देतो. सलग घासून पॅड तापतात, जळका वास येतो आणि मग पॅडल दाबूनही गाडी आवरत नाही. उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका. इंजिन गाडीला धरून ठेवतं. वेग वाढलाच तर ब्रेक ठामपणे दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणं तर कधीच नको. ब्रेकची मदत संपते आणि स्टीअरिंग जड होतं. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते किंवा तडकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि शहाणपणही. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना क्लच जळतो. तुमची गाडी चढावर अडकली तर अर्ध्या क्लचवर तोलत बसू नका, हँडब्रेक ओढा. फोंडा घाट चढून दाजीपूरला आलात की गव्यांसाठी वेग कमी ठेवा.

तुम्ही जूनमध्ये निघायचं लिहिलं आहे. त्या महिन्यात घाट हिरवा होतो, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी थांबतात आणि दरड कोसळली की घाट अचानक बंद होतो. मालवणचं ताजं मासळीचं ताट हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा. कार्तिकी एकादशीचे दिवस तेवढे टाळा, मंगळवेढ्याच्या बाजूला पंढरपूरची गर्दी लागते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. किनाऱ्याच्या दमट हवेत उघडी भाकरी मऊ पडते.

सहाव्या दिवशी कोल्हापुरातून सकाळी साडेसहाला निघा. दुपारपर्यंत सोलापूर येतं आणि गाडी उजेडात परत देता येते. मालकासमोर पुन्हा तोच व्हिडिओ काढा, आणि अनामत रक्कम मागण्याआधी फास्टॅगची कपात व ई-चलान तिथेच तपासून घ्या.