वाईन सुपरमार्केटात नको, मळ्यात हवी

जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं. निर्णय महाराष्ट्राचा, पण वाद बेळगावच्या घराघरांत. त्यात नवल काही नाही. आमच्याकडे वीजबिल कर्नाटकाचं भरतात आणि चिडतात मुंबईच्या मंत्र्यांवर. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हटलं, आणि सत्तेतले काहीजण सांगू लागले की वाईन म्हणजे दारू नव्हेच, ते शेतकऱ्याचं उत्पन्न आहे. पुढे सरकार बदललं, निर्णय बाजूला पडला. आमच्या घरच्या फोनवर मात्र तो विषय अजून निघतो, आणि मामा हमखास विचारतात, “तुमच्यात तिकडं दुधाच्या शेजारीच ठेवतात म्हणे, खरं काय?”

खरं आहे. मी बेळगावच्या शहापुरातली, राहते जर्मनीत कार्ल्सरूहला. इथे सोळाव्या वर्षी पोरं रीतसर बिअर-वाईन विकत घेतात, आणि बाटली पाण्याइतकी सहज मिळते. सकाळच्या गाडीला स्टेशनवर गेलं की त्या सहजपणाची दुसरी बाजूही बाकावर बसलेली दिसते. म्हणून मला वाईन मनापासून आवडत असूनही सुपरमार्केटच्या बाबतीत मी मामांच्या बाजूची आहे. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ ही तर शुद्ध थाप. बहुतेक वाईनमध्ये 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं, आणि यकृत काही लेबल वाचत बसत नाही.

शेतकऱ्याचा मुद्दाही तपासून घ्यावा. अथणी, जत, तासगाव हा पट्टा द्राक्षाचा, पण खायच्या द्राक्षाचा आणि बेदाण्याचा: थॉम्सन, सोनाका, तास-ए-गणेश. लांब मणी, पातळ साल, बी नाही. चांगल्या वाईनला नेमकं उलटं लागतं. मणी बारीक, साल जाड, आत बी. देशातल्या द्राक्षांचा अगदी थोडा हिस्सा वाईनला जातो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधेच अवकाळी पाऊस, मग डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या, असं वर्ष काढणाऱ्या माणसाला सुपरमार्केटातलं एक कपाट वाचवेल हे मला पटत नाही.

मग वाईनचं कौतुक कशासाठी? आपल्या भांडणात कधीच न निघणाऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे चवीसाठी. संकेश्वर किंवा महालिंगपूरच्या बाजारात मुरलेला माणूस गुळाचा खडा जिभेवर ठेवून ऊस खारवट रानातला आहे का ते सांगतो. वाईनची सगळी गोडी याच जातीची आहे. जर्मनीत मोझेल नदीकाठी उभ्या चढावर पाटीच्या दगडाची जमीन आहे. दिवसा तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देतो, आणि तिथली रिसलिंग ही पांढरी वाईन हलकी, लिंबासारखी आंबट, मागून जरा गोडसर लागते. दक्षिणेला फ्रायबुर्गजवळचा कैझरश्टूल हा विझलेला ज्वालामुखी, देशातला सगळ्यांत उबदार कोपरा. तिथली लाल श्पेटबुर्गुंडर भरदार, पिकलेल्या फळाची. फ्रेंच लोक याच द्राक्षाला पिनो न्वार म्हणतात आणि बर्गंडीत त्याची वेगळीच वाईन काढतात. हे कळायला फार पैसे लागत नाहीत. एकाच द्राक्षाच्या दोन गावच्या वाईन शेजारी ठेवून घोट-घोट घ्यायच्या, एवढंच. श्रीमंती थाटाचे ग्लास आणि अवघड विशेषणं या धंद्याने उगाच चिकटवली आहेत.

मला सगळ्यांत जास्त ओढ आहे ती श्वायगेनची. कार्ल्सरूहहून ऱ्हाईन ओलांडून गेलं की फ्रान्सच्या वेशीवरचं हे गाव. पलीकडचं विसेंबूर्ग पायी चालत जाण्याइतकं जवळ. विसेंबूर्गचा अल्सास प्रांत जर्मनी आणि फ्रान्समध्ये 1871, 1918, 1940 आणि मग महायुद्धाच्या शेवटी, असा चार वेळा हात बदलून गेला. श्वायगेनच्या शेतकऱ्यांचे बरेच मळे आज फ्रान्सच्या हद्दीत आहेत. द्राक्षं तिकडे पिकतात, तळघर इकडे, आणि वाईन जर्मनीच्या फाल्झ प्रदेशाच्या नावाने विकली जाते. दोन देशांना हे कागदावर बसवता आलं.

आमच्याकडे अथणीचा बेदाणा बिनबोभाट सांगली-तासगावच्या सौद्यात जातो, पण वाईन दुसऱ्या राज्यातली म्हटली की ती परकी, तिचा कर वेगळा, परवाना वेगळा. महाराष्ट्राचं वाईन धोरण 2001 चं, कर्नाटकाचं 2007 चं. कृष्णा दोन्हींतून वाहते. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर बाटलीवर राज्याऐवजी नदीचं खोरं लिहायला काय हरकत आहे? एकट्या बेळगाव जिल्ह्यात अथणीची कोरडी काळी जमीन, गोकाकचा वालुकाश्म आणि खानापूरचा तांबडा, पावसाने झोडपलेला जांभा आहे. खानापुरात द्राक्षाचं नाव काढू नये. तिथे काजू आहे, आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की त्याच बोंडाची फेणी, जिला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे.

विक्रीचं म्हणाल तर जर्मनीतली एक जुनी रीत उचलावी. शेतकरी वर्षातले फार तर चार महिने आपल्याच घरी, चाळीसपर्यंत खुर्च्या मांडून, फक्त स्वतःची वाईन आणि साधं जेवण देतो. मद्यालयाचा परवाना लागत नाही. दारावर झाडू किंवा डहाळी टांगली की समजायचं, आज उघडं आहे. नाशिकला मळ्यात बसून पिता येतं, पण रिसॉर्टच्या थाटात. मला हवाय तो अथणीकडचा दहा एकरवाला, ज्याच्या ओसरीवर झुणका-भाकरीबरोबर दोन पेले मिळतील आणि दिवस मावळला की बंद. ज्याला नुसती नशा हवी तो त्यासाठी एवढ्या लांब येणार नाही.

यावर मावशीचं म्हणणं ठरलेलं, “तुझ्या चवीपायी आमच्या गल्लीत बाटली नको.” तिचं मी ऐकते. ज्या 2007 साली कर्नाटकाने वाईन धोरण आणलं, त्याच साली गरिबाची सारायी, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, बंद केली. तरी जानेवारी 2019 मध्ये बायकांना दारूबंदीसाठी चित्रदुर्गहून बंगळूरपर्यंत चालत जावं लागलं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं की दुकान बंद होतं. माझ्या त्या ओसरीलाही हाच नियम लावावा, आणि मत दुकान उघडण्याआधी घ्यावं.