मागच्या सीटवरचं माणूस : एका प्रतिक्रियेला उत्तर

टँडमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, पॉवर मीटर (पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) आणि ब्रेक कसे बसवले, यावर मी लिहिलेल्या लेखाला एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात म्हणणं असं : पॉवर मीटर म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, ‘मागे बसलेली बायको पायडल मारतेय की हवा खातेय, हे कळायला मीटर कशाला लागतो?’, कोकण किनाऱ्याच्या रस्त्याला घाट नाहीत, दोन चांगले व्ही-ब्रेक (रबराने रिम दाबणारे) पुरेत, डिस्क ब्रेकची हबला बसणारी चकती खाऱ्या हवेत सडते, आणि शेवटी, ‘आधी सायकल शिका, मग लोकांना शिकवा.’

मतभेद असायला माझी हरकत नाही. पण जिला तुम्ही कधी पाहिलं नाही, जिच्याबद्दल लेखात मी चार ओळींपलीकडे काही लिहिलं नाही, तिच्यावर असं बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझं चुकलं असेल तर मला बोला. ‘हवा खातेय’ हे वाक्य लिहून तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात. मी जाणार नाही.

टँडमवर पुढचा कॅप्टन आणि मागचा स्टोकर यांचे क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, डाव्या बाजूच्या टायमिंग चेनने जोडलेले असतात. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरतोच, दोघांचा कॅडेन्स, म्हणजे पाय फिरण्याचा वेग, कायम एकच. म्हणजे मागच्या माणसाने जोर लावला काय आणि नुसते पाय ठेवले काय, पाय सारखेच फिरताना दिसणार. पुढे बसलेल्याला पाठीला डोळे नसतात, आणि असते तरी फिरणाऱ्या पायाकडे बघून जोर कळत नाही. मीटर लागत नाही असं जे तुम्ही ठणकावून सांगता, ते टँडमच्या बाबतीतच सगळ्यात खोटं आहे.

बरं, मीटर कुठला? मागच्या क्रँकच्या उजव्या स्पायडरवर (दातेरी चेनरिंग जिथे बसते त्या भागावर) बसणारा घेतला, तर माझा जोर डाव्या चेनमधून मागच्या एक्सलवर, तिथून उजव्या चेनरिंगवर येतो आणि दोघांची बेरीज दिसते. मागच्या चाकाच्या हबमधल्या मीटरचंही तेच. फक्त मागच्या डाव्या क्रँक आर्मवरचा घेतला, तर तिच्या डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून दाखवतो. आणि आमची अडचण नेमकी डाव्या पायाचीच होती. तिच्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आहे. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं होतं की पाय फिरवत राहा, पण त्या गुडघ्यावर भार हळूहळू वाढवा. हळूहळू म्हणजे किती, हे कशावरून ठरवायचं? म्हणून दोघांनाही दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणारी पायडल घेतली. सुरुवातीला तिचा डावा पाय एकूण जोरातला जेमतेम 38 टक्के वाटा उचलत होता. तो पुढे 47 वर आला. हे आकडे मीटरनेच दिले. तिचे क्रँक 165 मिलिमीटरचे, माझे 170 चे. पायडलच्या मीटरमध्ये ही लांबी बरोबर भरावी लागते. तिच्या मीटरला 170 भरलं, तर आकडा तीन टक्के फुगतो. हे लेखात लिहिलं होतं, पण तुमचं तिथपर्यंत वाचून झालं नसावं.

आणि हवा खाण्याबद्दल : चढावर तिचे 110 ते 120 वॉट असतात, माझे 140. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर ती माझ्यापेक्षा जास्त काम करते.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. दोन जोड पायडल महाग पडतात, आणि ज्यांना नुसतं रविवारी फिरायचं आहे त्यांनी ती घेऊ नयेत. तसंच मालवण-वेंगुर्ल्याच्या सपाट पट्ट्यांवर सावकाश जाणाऱ्याला व्ही-ब्रेक पुरतील, हेही मी नाकारत नाही.

पण ‘किनाऱ्याला घाट नाहीत’ हे कोणी सांगितलं? गाडीच्या खिडकीतून पाहिलंत का? रेवस-रेड्डी रस्ता प्रत्येक खाडीशी उतरतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढतो. धोपाव्याची जेट्टी घ्या, तवसाळची घ्या, आरे-वारेचा उतार घ्या. आम्ही दोघं, टँडम आणि सामान मिळून 160 किलो. आठ टक्के उतारावर ताशी 20 किलोमीटरचा वेग धरून ठेवायचा, तर हवा आणि टायरचं घर्षण वजा जाता साडेपाचशे ते सहाशे वॉट ब्रेकने गिळायचे असतात. चढताना आम्ही दोघं मिळून घालतो त्याच्या दुपटीहून जास्त. एका स्वाराच्या मानाने टँडमचं वजन दुप्पट होतं, पण वाऱ्याला अडणारं अंग दुप्पट होत नाही, त्यामुळे ब्रेक सोडले की टँडम सुसाट सुटते. व्ही-ब्रेकमध्ये ही सगळी उष्णता रिममध्ये जाते, रिममधून ट्यूबला, आणि मग वळणावर टायर फुटतो. पावसाळ्यानंतर मी ब्रेकची रबरं काढून पाहिली होती. जांभ्याची लाल रेती आत रुतलेली आणि तिच्यासोबत रिमचेच चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण. रिमच्या कडेवर नख फिरवलं की खोलगट भाग लागत होता.

म्हणून दोन्ही चाकांना 203 मिलिमीटरची डिस्क. पुढचा फोर्क टँडमचा भार सोसणारा असेल तरच, हे पुन्हा सांगतो. टँडमची दोन चाकं लांब लांब असल्याने ब्रेक मारला तरी वजन पुढे फारसं ढकललं जात नाही, मागचा ब्रेक एकट्याच्या सायकलपेक्षा खूप जास्त काम करतो. पण मागची केबलही तितकीच लांब. साधं आउटर (केबलवरचं आवरण) घातलं तर ते दबतं आणि लिव्हर मऊ लागतो; न दबणारं आउटरच हवं. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक घ्यायचे तर मिनरल ऑइलचे घ्या. डॉट ऑइल, म्हणजे मोटारगाड्यांच्या ब्रेकमध्ये असतं ते, हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. आपल्याकडच्या दमटपणात ते मला नको. पूर्वी मागच्या हबवर अराई कंपनीचा ड्रम ब्रेक बसवून लांब घाट उतरायचे. तो आता बनत नाही, नाहीतर कुंभार्ली घाट उतरायला मी तोच लावला असता.

डिस्क सडते म्हणे. ती स्टेनलेस स्टीलची असते. गोड्या पाण्याने धुवा, संपलं.

आता शिकण्याबद्दल. चिपळूणला वडिलांचं सायकलचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच, रिमचा आउट (वाकडेपणा) काढत आणि हबच्या कप-कोनला, म्हणजे छऱ्यांच्या बेअरिंगला, ग्रीस भरत. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर दुकानातल्या प्रत्येक हबमधला गाळ आम्ही बापलेकांनी हाताने काढला आहे. गंज म्हणजे काय हे मला तुम्ही समजावू नका. तुम्ही टँडम चालवली आहे की नाही, याचा तुमच्या प्रतिक्रियेत कुठे उल्लेख नाही. चालवली असती, तर मागच्या माणसासमोर रस्ता नसतो, बहुतेक वेळा हाताशी ब्रेकही नसतो, समोर फक्त कॅप्टनची पाठ असते, हे तुम्हाला ठाऊक असतं. तरीही ते माणूस घाटात तुमच्या भरवशावर बसतं. त्याच्यासाठी मी दोन व्ही-ब्रेकवर भागवायचं? नाही भागवणार.

ब्रेक, मीटर, डिस्क यांवर जरूर लिहा, कितीही तिखट लिहा, उत्तर देईन. तिच्याबद्दल पुन्हा असं वाक्य आलं, तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.