टाय रॉड वाकवायच्या आधी तो का घासतोय ते बघा

‘जुनी पिकअप खाली घेतली की स्टेअरिंगचा रॉड चेसिसला घासतो. घाबरू नका. गॅसवर तापवून रॉडला बाक द्या, तरी लागलं तर चेसिसची खालची पट्टी थोडी कापा, अलाइनमेंट करून घ्या. जुनं लोखंड दणकट असतं, अमेरिकेत सगळे असंच करतात. तासाभराचं काम.’

हा मजकूर पुण्यातल्या जुन्या गाड्यावाल्यांच्या व्हॉट्सॲपवर सारखा फिरतोय. नाना पेठेत स्पेअर घ्यायला गेलात तर काउंटरवरही कोणीतरी तोच सल्ला देतो. त्यातलं एक वाक्य खरं आहे: गाडी खाली घेतली, म्हणजे तिची उंची कमी केली, की रॉड घासतो. हा टाय रॉड, पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारी आडवी दांडी. बाकीचं एकेक करून बघू.

‘रॉडला बाक द्या.’ टाय रॉडवर ताण आणि दाब आळीपाळीने येतात. सरळ रॉड दोन्ही सहन करतो. वाकवलेला रॉड दाबाखाली आणखी वाकतो, म्हणजे खड्ड्यात चाक आपटलं की तेवढ्यापुरता टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, बदलतो आणि स्टेअरिंगवर हात असूनही गाडी बाजूला सरकते. शिवाय दोन्ही टोकांना बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) असल्यामुळे रॉड स्वतःभोवती थोडा फिरतो. सरळ असताना ते कळत नाही. बाक दिला की तो आज खाली असतो, उद्या आडवा होऊन स्प्रिंगच्या पाट्याला लागतो. काही गाड्यांना कंपनीतूनच वाकडा ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाच्या आर्मकडे जाणारी दांडी) येतो, पण त्याची जाडी त्या हिशेबाने ठरवलेली असते. गॅसची ज्योत लावून तसा लिंक तयार होत नाही.

मुळात गाडी कशी खाली घेतली, हा पहिला प्रश्न. पाटे काढले किंवा त्यांची कमान कमी केली असेल, तर अख्खा ॲक्सल चेसिसकडे वर आला आणि टाय रॉड त्याच्यासोबत आला. इथे रॉडच्या जागेपेक्षा मोठी अडचण अशी, की ॲक्सलला वर जायला अंतरच उरलेलं नाही. ड्रॉप ॲक्सल, म्हणजे टोकं वर वळवलेला ॲक्सल, बसवला असेल तर गोष्ट उलटी. मधला बीम चेसिसपासून पूर्वीइतकाच लांब राहतो, पण किंग पिनची (जिच्याभोवती चाक वळतं ती पिन) जागा बीमच्या तुलनेत वर जाते आणि तिथले चाक वळवणारे स्टेअरिंग आर्म, पर्यायाने टाय रॉड, पाट्यांच्या आणि चेसिसच्या जवळ येतो. लक्षण एकच, उपाय वेगळे. पहिल्यात स्प्रिंग बदला, दुसऱ्यात आर्मचं टोक खाली न्या.

आर्मचं टोक खाली न्यायचे दोन सरळ मार्ग आहेत. एक, खाली उतरलेले तयार आर्म. दुसरा, टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट) आर्मच्या वरून न बसवता खालून बसवणं. यात आर्मच्या जाडीसकट बरीच जागा मिळते, पण काम लेथवाल्याच्या हातचं. एंडची पिन निमुळती असते आणि तिची पकड त्या निमुळतेपणावर असते. उलट्या बाजूने बसवायची तर भोक त्याच टेपरच्या, म्हणजे निमुळतेपणाच्या, रीमरने (भोक मापाला आणायचं हत्यार) उलट दिशेने करायला हवं. जुनं भोक मोठं पडत असेल तर त्यात टेपरची बुश घालायची. ड्रिलने सरळ भोक पाडून नट आवळणारे कारागीर आहेत. अशी पिन भोकात हलत राहते आणि एक दिवस तुटते. मग नट सैल होऊ नये म्हणून असलेले कॅसल नट आणि स्प्लिट पिन जागेवर असूनही उपयोग नाही.

‘अमेरिकेत सगळे असंच करतात.’ तिकडच्या हौशी लोकांनी १९४० च्या दशकापासून जुन्या फोर्डचे आर्म तापवून खाली वाकवले, हे खरं. पण आर्म! घडीव लोखंडाचे जाड आर्म. फिरणाऱ्या मजकुरात आर्मचा रॉड झाला, आणि नंतर चीर तपासायची असते हेही गळलं. आणखी एक भानगड: जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडल्या, त्या उजवीकडे स्टेअरिंग असलेल्या. आपल्याकडे ड्रॅग लिंक उजवीकडून जातो. तिकडच्या कॅटलॉगातला ड्रॅग लिंकचा आर्म डाव्या बाजूचा असतो. तो मागवून मग इथे ‘ॲडजस्ट’ करणं महागात पडतं.

‘अलाइनमेंट करून घ्या.’ अलाइनमेंट सपाट जमिनीवर, उभ्या गाडीची होते. गाडी खाली आली की ड्रॅग लिंकचं पुढचं टोक वर जातं. मग ॲक्सल आणखी वर गेला की ड्रॅग लिंक आर्मला मागे खेचतो आणि चाक आपोआप वळतं. तपासणी सोपी आहे: स्टेअरिंग सरळ बांधून ठेवा, ॲक्सल जॅकने वर-खाली करा आणि चाकांची दिशा बघा. चाकं वळत असतील तर पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा आर्म) किंवा स्टेअरिंग बॉक्सची उंची बदलावी लागेल. मोकळी जागाही अशीच मोजायची. एक-दोन पाटे ठेवून बाकीचे काढा, ॲक्सल बंप स्टॉपला (वर येणारा ॲक्सल जिथे अडतो तो ठोकळा) टेकवा, दोन्हीकडे पूर्ण वळवा. मग एक चाक वर, एक खाली. रॉडवर मुलांची प्लॅस्टिसिन लावली की कुठे दबली ते दिसतं. मी तिथेही बारा मिलिमीटर मोकळे मागतो. कारण आपले रस्ते: इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद होता. आपल्या सोसायट्यांसमोरचे डांबराचे उंचवटे कोणत्या मानकातून आलेत, देव जाणे.

‘चेसिसची खालची पट्टी कापा, लोखंड दणकट आहे.’ चेसिसच्या C आकाराच्या चॅनलमध्ये वाकण्याचा भार मुख्यतः वरची आणि खालची पट्टी घेते. मधली भिंत त्यामानाने कमी. म्हणजे नेमकी नको तीच जागा कापायला सांगितली आहे. कापणं अटळच असेल तर आधी आतून प्लेट लावून चॅनलची बंद पेटी करून घ्या. लिंक आरपार जायला हवा असेल तर मधल्या भिंतीत भोक पाडून त्यात पाइपची कडी वेल्ड करा, पट्ट्यांना हात लावू नका.

याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत ‘विंटेज आहे, आरटीओ काही म्हणत नाही’ अशी शेपटी असते. २०२१ च्या नियमांत विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी. चेसिसमध्ये मोठा फेरफार चालत नाही. बाकी गाड्यांना, गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

‘तासाभराचं काम.’ पाटे उतरवणं, मापं, रीमिंग, परत जोडून जॅकवर तपासणं, आणि शेवटी टो लावणं, हे तासाभरात होत नाही. शनिवारी गाडी हवीच असेल तर काढलेले पाटे परत घाला आणि मूळ उंचीवर चालवा.