‘दोन आकडे कशाला, एकच पुरे’: व्हीएमसी सेटिंगच्या या सल्ल्याला उत्तर

व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, लावणाऱ्या-चालवणाऱ्या सेटर-ऑपरेटर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मतलब असा: ‘सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. जी५४ चा झेड शून्यच ठेवा. प्रत्येक टूल कागद लावून थेट जॉबच्या टॉपवर टच करा आणि तो आकडा ऑफसेटमध्ये टाका. दोन आकडे कशाला, एकच पुरे. एक्स-वायला एज फाइंडर टेकवा, पाच मिलिमीटर वजा करा. फरक आलाच तर वेअरमध्ये मारा. कुठल्याही मशीनवर चालतं.’

आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं हे वाचतात आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर तसंच करतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं. नवख्यांसाठी आधी शब्द: जॉबचा शून्य कुठे आहे ते मशीनला सांगतो तो जी५४, टूलच्या लांबीचा आकडा म्हणजे टूल ऑफसेट, आणि टूल झिजलं की करायच्या बारीक दुरुस्तीचा रकाना म्हणजे वेअर.

आधी जे खरं आहे ते. एकच नग करायचाय, तीन-चार टूल आहेत, जॉब पुन्हा येणार नाही, अशा वेळी ही पद्धत चालते. गणित चुकीचं नाही. फॅनुक कंट्रोलवर स्पिंडल किती खाली जायचं ते तीन आकड्यांच्या बेरजेतून ठरतं: प्रोग्रॅममधला झेड, जी५४ चा झेड आणि जी४३ या कोडने उचललेला टूलचा ऑफसेट. त्यातला मधला शून्य ठेवला तरी बेरीज बरोबरच येते. पण टूल किती लांब आहे आणि जॉब किती उंचीवर बसलाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सल्ला त्या एका आकड्यात कोंबतो, आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

‘एकच आकडा पुरे’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न: रात्रपाळीत तीन नंबरचा एंडमिल (पॉकेट मारायचा कटर) तुटला तर काय करणार? फेस मिलने (टॉप सपाट करणाऱ्या रुंद कटरने) जॉबचा टॉप केव्हाच खाल्लेला असतो. ज्या पृष्ठभागावर बाकीची टूल टच केली, तो पृष्ठभागच आता शिल्लक नाही. मग ऑपरेटर फेसिंग झालेल्या टॉपवर नवा एंडमिल टेकवतो आणि किती मटेरियल काढलं ते आठवून आकडा जुळवतो. कधी जुळतं, कधी पॉकेट खोल जातं. दुसऱ्या दिवशी २० मिमी कमी उंचीचा जॉब लागला की पुन्हा सगळी टूल टच करत बसा. मॅगझिनमध्ये वीस टूल असतील तर वीस वेळा. वेळ वाचवायला निघालेली पद्धत इथे वेळ खाते.

दोन आकडे वेगळे ठेवले तर काय होतं ते पाहू. ५० मिमीचा झेड सेटर (ठरलेल्या उंचीचं टूल टेकवायचं साधन) टेबलवर ठेवायचा आणि सगळी टूल त्याच्याच टॉपवर टच करायची. समजा चार नंबरच्या टूलचा आकडा आला उणे ३८०.२५०. तो ऑफसेटमध्ये गेला, विषय संपला. मग स्पिंडलमध्ये लिव्हर डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) लावायचा, सेटरच्या टॉपवर काटा शून्यावर आणून रिलेटिव्ह झेड शून्य करायचा. डायल तसाच ठेवून जॉबच्या टॉपवर यायचं, काटा पुन्हा शून्यावर आला की स्क्रीनवरचा फरक वाचायचा. डायल किती लांब आहे याने काहीच बिघडत नाही, कारण दोन्हीकडे तोच आहे. जॉब १२.४०० मिमीने उंच निघाला तर जी५४ चा झेड अधिक १२.४००. उद्या २० मिमी बुटका जॉब आला तर तिथे उणे ७.६०० टाकायचं. वीस टूलपैकी एकालाही हात लागत नाही. टूल तुटलं तर नवं लावून सेटरवर टच करायचं. जॉबचा टॉप राहिला की गेला, फरक पडत नाही.

या पद्धतीचा आणखी एक फायदा लोक विसरतात. सगळ्याच टूलची खोली सारख्या फरकाने चुकली तर दोष जी५४ मध्ये किंवा जॉबच्या बैठकीत असतो. एकाच टूलची चुकली तर त्या टूलमध्ये. शोधायचं कुठे ते लगेच कळतं.

शून्य जॉबच्या टॉपवरच हवा, हेही कुठे लिहिलेलं नाही. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचा कच्चा टॉप एका नगात वर असतो, दुसऱ्यात खाली. तिथे टॉपला शून्य धरला तर प्रत्येक नगाची जाडी वेगळी येणार. फिक्स्चरच्या रेस्टिंग पॅडवर शून्य घ्यावा. ड्रॉइंगमध्ये डेटम, म्हणजे मापं जिथून धरायची ती जागा, कुठे दिलाय ते आधी बघायचं, मग मशीनकडे वळायचं.

आता कागद. साधा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, ही माहिती बरोबर आहे. सगळ्या टूलला तोच कागद वापरला तर जाडीचाही फारसा प्रश्न नाही, सगळा झेड सारखाच सरकतो. खरी अडचण हाताच्या अंदाजाची आहे. कागद अडकला असं एकाला जिथे वाटतं, तिथे दुसऱ्याचा कागद अजून सरकत असतो. कूलंटने भिजला की तो आणखी दबतो. फेस मिल आणि एंडमिल यांच्यात ०.०२ चा फरक राहिला तरी जोडावरची पायरी नखाला लागते. रफिंगला कागद चालेल, फिनिशला नाही. त्यात फेस मिल टच करताना तर जास्तच जपावं लागतं. कटरच्या मधोमध काही नसतं, म्हणून झेड सेटर इन्सर्टच्या (कडेला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याच्या) खाली यायला हवा. स्पिंडल हाताने उलटा फिरवत सगळ्यात खाली आलेला इन्सर्ट शोधायचा आणि आकडा त्याचा घ्यायचा. पहिला हाताला आला त्यावर थांबलात तर कट तितका खोल जाणार.

‘एक्स-वायला पाच वजा’ हे अर्धंच खरं आहे. टोकाचा व्यास १० मिमी असलेल्या एज फाइंडरने (कड शोधायच्या साधनाने) जॉबच्या डाव्या फेसला टेकलात तर स्पिंडलचं केंद्र त्या कडेपासून उणे पाचवर असतं, उजव्या फेसला टेकलात तर अधिक पाचवर. नेहमी वजा केलंत तर उजवीकडे सरळ दहाची चूक. डेटम मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंनी टेकून निम्मं करावं, मग पाचाचा प्रश्नच येत नाही.

‘फरक आला तर वेअरमध्ये मारा’ या सवयीने किती जॉब रिजेक्ट होतात, ते शॉपवरच्या माणसाला सांगायला नको. वेअरचा रकाना टूल झिजतं त्यासाठी आहे. सेटिंगची चूक तिथे लपवली आणि वेअरमध्ये उणे ०.१५ राहिलं, तर पुढच्या पाळीचा सेटर नवं टूल लावतो, जॉमेट्री (ऑफसेटमधला लांबीचा मुख्य रकाना) नीट मोजतो, पण वेअरकडे बघत नाही. नवंकोरं टूल ०.१५ खोल जातं. टूल बदललं की त्याचा वेअर शून्य झालाय हे डोळ्याने बघायचं, आणि सेटिंग चुकलं असेल तर जॉमेट्रीचाच आकडा दुरुस्त करायचा.

बरं, आकडा अचूक घेतला तरी तो होल्डरच्या बैठकीवर अवलंबून आहे. बीटी४० होल्डरचा टेपर ७/२४, म्हणजे २४ मिमी लांबीत व्यास ७ मिमीने बदलतो. टेपरवर सगळीकडून ०.०१ मिमीचा थर राहिला तर व्यासात ०.०२ चा फरक, आणि होल्डर जवळपास ०.०७ मिमी खाली राहतो. एका बाजूलाच चिप अडकली तर टूल तिरकं बसतं, रनआउट येतो, म्हणजे टोक मध्यावर न फिरता हेलकावतं. ऑफसेट घ्यायच्या आधी टेपर आणि स्पिंडलचं तोंड स्वच्छ कापडाने पुसायचं, या कामाला मी सेटिंगचाच भाग मानतो. कोलेटमधून (होल्डरमधल्या कटर पकडणाऱ्या भागातून) कटर काढून परत बसवला तर जुना आकडा मेला, नव्याने टच करायचा.

‘कुठल्याही मशीनवर चालतं’ हा या सल्ल्यातला सगळ्यात धोक्याचा भाग. फॅनुक आणि हासवर जी४३ आणि एच नंबर (ऑफसेटच्या रकान्याचा नंबर) लागतो. सीमेन्सवर टूल बदललं की त्याचा डी नंबर, आणि हायडेनहाइनवर टूल कॉल दिला की लांबी आपोआप लागू होते. या दोन्हीकडे टूल टेबलमध्ये सहसा टूलची खरी लांबी भरतात, अधिक १२८.३६० अशी. तिथे उणे तीनशे-चारशेचे आकडे भरले तर सिम्युलेशन निरुपयोगी होतं. टेबल फिरवून तिरकी बाजू मारायची असेल किंवा पाच अक्षांचं काम असेल तर खऱ्या लांबीशिवाय कंट्रोलला टूलचं टोक कुठे आहे हेच कळत नाही. आणि एकाच मशीनवर एका सेटरची टूल एका पद्धतीने, दुसऱ्याची दुसऱ्या पद्धतीने भरलेली असतील, तर ते मशीन कुणी सुरूच करू नये.

सल्ल्यात एका गोष्टीचा शब्दही नाही, ती म्हणजे तपासणी. ऑफसेट भरले की प्रत्येक टूल एमडीआयमध्ये (हाताने ओळ टाइप करून चालवायच्या मोडमध्ये) तपासायचं: टी०४ एम०६, मग जी९० जी५४ जी०० एक्स० वाय०, मग जी४३ एच०४ झेड१००.०. रॅपिड सगळ्यात कमी, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, एक हात फीड होल्डवर (हालचाल थांबवायच्या बटणावर), नजर ‘डिस्टन्स टू गो’वर, म्हणजे अजून किती अंतर बाकी आहे त्या आकड्यावर. टूल थांबलं की झेड शून्याच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंत स्टीलची पट्टी धरायची. १०० भरले तर एच नंबर, ऑफसेट आणि जी५४ तिन्ही एकाच वेळी तपासून झाले. फक्त १०० च्या पुढे दशांशाचं टिंब विसरू नका. बऱ्याच फॅनुक मशीनवर टिंबाशिवायचे १०० म्हणजे १०० मायक्रॉन, आणि टूल थेट जॉबपासून ०.१ मिमीवर येऊन थांबतं.