मन्याला गोड्या पाण्यात बुडायचंय

नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका डायव्हरांना बघता यावी म्हणून मालवणच्या अंगाला निवतीजवळ समुद्रात बुडवणार, ही बातमी आल्यापासून मन्याचे पाय जमिनीवर नाहीत. त्याआधीही फारसे नव्हते म्हणा. गोव्याहून स्कूबा डायव्हिंगचं पहिलं, ओपन वॉटरचं कार्ड घेऊन आल्यापासून हा मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधूनच कट्ट्यावर येतो. चहाचा घोट घेतला की मनगट वळवून खोली बघतो. खोली शून्य असते. तरी बघतो.

"प्रॉब्लेम असा आहे," काल त्यानं सुरुवात केली, "मे संपता संपता समुद्र बंद होतो तो थेट सप्टेंबरपर्यंत. डायव्हरनं तेवढे दिवस करायचं काय?"

"पेट्रोलपंपावर कामाला जायचं. तिथं पण टाकीच भरायची असते," बाळ्या म्हणाला.

"जोक नको. आपल्याला गोड्या पाण्याचा स्पॉट हुडकायचाय. सांगलीच्या आसपास."

वैशाली भडंगातले शेंगदाणे वेचून खात होती. मान वर न करता म्हणाली, "घाटाच्या पायऱ्या उतर, कृष्णा आहे. शिवाय तुमच्यात ती बडी सिस्टीम असते ना, एकट्यानं उतरायचं नाही वगैरे? तुझा बडी डिग्रजला काठावर ऊन खात पडलाय. तोंड उघडं ठेवून."

मगरीवरून मग बराच वेळ गेला. भिलवडीत कुणाच्या म्हशीला धरलं, औदुंबरला कुणी फोटो काढायला किती जवळ गेलं, नदीत मळीचं पाणी येऊन मासे मरतात तेव्हा मगरी काय खातात. दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण पाण्याचा विषय निघाला की पुन्हा कामावर रुजू होतात. ते म्हणाले, "नदीत दिसणार काय तुला? हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. वाळू काढून काढून खड्डे पडलेत, काठावरनं कळत नाही खाली किती खोल आहे."

"मग धरण. कोयना!" मन्या.

"शिवसागर? 105 टीएमसी पाणी आहे बाबा. पण तो व्याघ्र प्रकल्प, परवानगी कोण देणार तुला? आणि वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याला लेक टॅपिंग केलंय तिथं, 1999 ला एकदा, 2012 ला परत. तळातनं भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलंय. कुठं ओढ असते ते वरनं अजिबात कळत नाही."

"जाऊ दे की दादा त्याला," वैशाली म्हणाली. "इकडनं आत गेला की घाटाखाली चिपळूणच्या अंगाला वीज होऊन बाहेर. तिथनं वाशिष्ठी, वाशिष्ठीतनं समुद्र. पावसाळ्यात समुद्रच पाहिजे होता ना?"

मन्या हार मानणाऱ्यातला नाही. अकरावीत तीन विषय गेले तेव्हाही त्यानं पेपर तपासणारा बदलला पाहिजे असंच म्हटलं होतं. त्यानं उजनी काढली. पळसदेवाचं देऊळ पाण्याखाली, म्हणजे रेडिमेड साइट.

"ते देऊळ लोकांना दिसतं कधी? पाणी उतरल्यावर. तेव्हा चप्पल घालून चालत जा, सिलिंडर कशाला? आणि पाणी भरलेलं असतं तेव्हा त्यात अर्ध्या पुण्याचं सांडपाणी असतं, वर हिरवा तवंग. पुणेकरांशी एवढी जवळीक मला तरी नको," वैशाली म्हणाली.

बाळ्यानं तेवढ्यात "लोणार?" असं विचारून घेतलं. ते पाणी गोडं नाही, खारट आणि सोड्यासारखं आहे, पीएच 10 च्या घरात, 2020 ला गुलाबी झालं होतं तेच ते, हे त्याला तिघांनी एकदम सांगितलं. तो परत भडंगाकडे वळला.

आता सुहासची पाळी. सुहास लेस्टरला नोकरीला होता. परत येऊन जमाना झाला, पण त्याची वाक्यं अजून "आमच्या लेस्टरला" अशीच निघतात. मात्र त्यानं सांगितलं ते कामाचं होतं. लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह म्हणून ग्रॅनाइटची जुनी खाण आहे. खोदकाम थांबलं, पंप बंद झाले, झऱ्यांनी खाण भरली. आता निम्मं इंग्लंड तिथं डायव्हिंग शिकतं. खाण टप्प्याटप्प्यानं खोल होते, तळ 35 मीटरच्या आसपास. बघायला काहीतरी असावं म्हणून आत जुनी बोट आणि विमानाचं नाक बुडवून ठेवलंय.

मन्या उठूनच उभा राहिला. "खाणी आपल्याकडं गावोगाव आहेत! आपण एक एसटी बुडवू."

"एसटीला आपण कशाला लागतोय," दादा पुटपुटले.

वैशालीनं इथं पहिल्यांदा शेंगदाणे बाजूला ठेवले. ती ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे आवाज चढला की समोर फळा असल्यासारखा हात हलतो. "दर उन्हाळ्यात पेपरात येतं ना, खाणीत पोरं बुडाली म्हणून? का बुडतात? कडा उभ्या. उडी मारता येते, वर येता येत नाही. वरचा हातभर थर कोमट, त्याच्याखाली एकदम गार. सुहास, तुमच्या लेस्टरला पाण्यात उतरायला रस्ता आहे, काठावर माणूस आहे, ऑक्सिजन आहे. मन्या, एसटी नंतर बुडव. आधी वर यायचा जिना दाखव."

"पण खाणीतलं पाणी स्वच्छ असतं का नाही?" मन्या.

"असतं. कारण त्यात ओढा येत नाही. तू जागा हुडकतोयस नकाशावर निळं कुठं दिसतं ते बघून. पाणी कुठनं येतं ते बघ. वाहून आलं तर माती घेऊन येतं, झिरपून आलं तर गाळून येतं. आइसलँडच्या सिल्फ्रात 100 मीटरच्या पुढचं दिसतं, का? हिमनदीचं पाणी लाव्ह्याच्या दगडातनं वर्षानुवर्षं झिरपत येतं म्हणून."

"2 ते 4 अंश पाणी असतं तिथं," सुहास म्हणाला. "ड्रायसूट लागतो, आत पाणी न शिरणारा."

"ह्याला सकाळच्या अंघोळीला गीझर लागतो," बाळ्या परत आला.

"आणि गंमत बघ," वैशालीनं सोडलं नाही, "तुझा समुद्र बंद असतो नेमका तेव्हाच आपल्या धरणांत लाल पाणी येतं. ते निवळतं जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा मालवण चालू असतं. म्हणजे धरण तुझ्या कामाचंच नाही. बरं, परवा मालवणहून आलास तो कुठल्या घाटानं?"

"आंबोलीनं. का?"

"शेवटची बुडी कधी?"

"बाराला. तिसरी. जेवलो की निघालो."

"बऱ्याच बुड्या झाल्या की विमानात बसायच्या आधी किती तास थांबायला शिकवलंय?"

"18. पण मी विमानानं कुठं आलो? स्विफ्टनं आलो."

"600 मीटरच्या वर गेलास की तोच नियम. आंबोली जवळजवळ 700 मीटर. बुडीत रक्तात मुरलेल्या नायट्रोजनचे वरच्या विरळ हवेत बुडबुडे होतात, मग सांधे दुखतात. त्या नायट्रोजनला काय माहीत तू विमानात आहेस का स्विफ्टमध्ये."

मन्याचा हात नकळत कोपराकडे गेला. परवापासून सांधा दुखतोय असं तो म्हणाला. तो सांधा क्रिकेटमध्ये गेलाय आणि तेव्हापासून पाऊस आला की दुखतो, हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. तरी सुहासनं त्याला फार गंभीर चेहरा करून डॉक्टरला फोन कर म्हणून सांगितलं. वैशाली मात्र खरंच म्हणाली, दुखत असेल तर दाखवून ये, चेष्टा नाही. सांगलीच पाचशे-साडेपाचशे मीटरवर आहे, डायव्हिंगवाले 300 च्या वर गेलं की उंचीचा हिशेब वेगळा धरतात.

दादा एवढा वेळ गप्प होते. दादा गप्प असले की काहीतरी शिजत असतं.

"झिरप्याचंच पाणी पाहिजे ना तुला? आमच्या मळ्यातली विहीर आहे की. सात परस खोल. तळाचा खडा दिसतो."

मन्या विरघळला. "दादा, खरंच उतरू देताल?"

"तू घरचाच पोरगा. तेवढी जाता जाता आमची पाणबुडी मोटर बघ. दोर तुटून खाली गेलीय. हुक अडकवायचा फक्त. चेनपुलीवाला तीन हजार मागतोय."

"समुद्रात खाली जायला बांधतोस तेवढंच शिसं कंबरेला बांधून जाऊ नकोस," वैशाली म्हणाली. "गोडं पाणी कमी उचलतं. सामानासकट 100 किलो भरत असशील तर अडीच किलो काढ. नाहीतर मोटरशेजारी बसशील, मग चेनपुलीवाला सहा हजार मागेल."

"पण सिलिंडर कुठं भरायचा?" मन्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे बघितलं. ती हवा तेलकट असते, श्वासाला चालत नाही, हे कार्डवाल्या माणसाला सुहासनं समजावून सांगेपर्यंत पंक्चरवाल्यानं तिकडूनच ओरडून विचारलं, "पुढचं का मागचं?"

पुढचं काही ऐकू येईना. बाळ्याला ठसका लागला, भडंग सगळं दादांच्या सदऱ्यावर. दादा सदरा झटकत एकच विचारत होते, "रविवारी येतोस का पण? नाश्ता देतो."