मॉन्टेरेचा समुद्र म्हणजे मनोरीची खाडी नव्हे

गरवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एप्रिलपासून एक लांबलचक मेसेज फिरतोय. उन्हाळ्यात मुलांकडे कॅलिफोर्नियाला किंवा सहलीला नॉर्वे-स्कॉटलंडला जाणाऱ्या मुंबईकरांसाठी तो लिहिलाय. त्याचा सारांश असा: तिकडे कयाक (एकट्यादुकट्याने वल्हवायची अरुंद, हलकी होडी) भाड्याने घ्या आणि खुशाल गरी टाका, आपण समुद्राकाठची माणसं, थंड पाण्याचा बाऊ गोरे लोक करतात. मला तो पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघं जूनमध्ये खरंच निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

"मुंबईच्या समुद्रात पोहणारा कुठेही पोहतो."

आपल्याकडे जानेवारीतही समुद्राचं पाणी साधारण २४-२५ अंशांच्या खाली जात नाही, मे महिन्यात ते ३० ला टेकतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या उपसागरात वर्षभर १० ते १५ अंश. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्येही १३-१४, मार्चमध्ये तर ६-७. अशा पाण्यात अचानक पडलं की कातडीला बसलेल्या गारठ्याने आपोआप एक मोठा श्वास आत ओढला जातो. मग श्वासाचा वेग कितीतरी पट वाढतो, नाडी आणि रक्तदाब चढतात. याला कोल्ड शॉक म्हणतात. तो पहिला श्वास ओढताना तोंड पाण्याखाली असेल, तर फुप्फुसात पाणीच जाणार. पट्टीच्या पोहणाऱ्याला हे चुकत नाही, कारण ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पोहण्याच्या कौशल्याशी तिचा संबंध नाही. आणि पाणी बर्फासारखं असायला हवं असंही नाही, १०-१५ अंशांत हा झटका पुरेपूर बसतो.

मी सात वर्षांची असल्यापासून गोराईला पोहतेय. मॉन्टेरेला भाचीकडे गेले तेव्हा कयाकच्या वर्गात शिकवणाऱ्याने आम्हाला वेटसूट (थंड पाण्यासाठीचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घालून मुद्दाम पाण्यात उतरवलं. पाणी छातीपर्यंत आलं आणि श्वास नुसता आत जायला लागला, बाहेर सुटेचना. छातीएवढ्या पाण्यात, पाय वाळूला टेकलेले असतानाही मी घाबरले. तो म्हणाला, हातपाय मारू नका, मागे रेला, तोंड वर ठेवा आणि श्वास ताब्यात येईपर्यंत नुसतं तरंगा. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय लोकांना हेच शिकवते. मिनिटभराने मी सावरले.

वारंवार थंड पाण्यात उतरून हा झटका कमी करता येतो, हे खरं. पण तशी सवय व्हायला तसं पाणी लागतं, आणि ते आपल्या किनाऱ्यावर नाही.

"गारठून मरायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात माणूस कयाकवर चढतो."

यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. मोठ्या माणसाचं शरीर आतून धोकादायक थंड व्हायला साधारण अर्धा तास किंवा जास्तच लागतो. पण त्याआधीच बरंच काही होऊन गेलेलं असतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी हे १-१०-१ या आकड्यांत बसवलंय: १ मिनिट श्वास सावरायला, साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. मेसेज लिहिणाऱ्याने शेवटचा आकडा धरला आणि मधले १० सोडून दिले.

शरीर आतली ऊब वाचवायला हातापायांतलं रक्त आवरून घेतं. बोटं वळत नाहीत, दंडात जोर राहत नाही. मी हे बोरिवलीला घरीच करून पाहिलं. बादलीत बर्फ टाकून पाणी १२ अंशांवर आणलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत १० मिनिटं बुडवले. (हृदयाचा त्रास किंवा बोटांना रक्त कमी पोचण्याचा विकार असेल त्यांनी हे करू नये.) मग नायलॉनच्या दोरीला गळ बांधायला घेतला. ही गाठ मी वडिलांकडून शिकले, अंधारात होडीवरही बांधते. दोरीचं टोक गळाच्या डोळ्यातून जाईना. लाईफ जॅकेटचं बक्कल तिसऱ्या खेपेला लागलं, तेही तळव्याने दाबून. हे कोरड्या स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून.

आता उलटलेली कयाक डोळ्यासमोर आणा. ती सरळ करायची, पोटावर वर ओढून घ्यायचं, पाय मारत आडवं व्हायचं, मग वळून बसायचं. सोबत वल्हं, रॉड आणि अंगाभोवती गुंतलेली दोरी, तिला गळ लावलेले. आयुष्यात पहिल्यांदा हे त्या १० मिनिटांत जमेल या भरवशावर मी कुणालाही पाठवणार नाही.

"तिकडेही उन्हाळा असतो, टी-शर्ट पुरे."

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड प्रवाह येतो. त्यात वसंत-उन्हाळ्यात वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. म्हणजे ऊन चढत असताना समुद्र तापेलच असं नाही. मासे तिथे भरपूर आहेत तेही याच पाण्यामुळे. ते खालून खनिजद्रव्यं घेऊन येतं, त्यावर सगळी अन्नसाखळी पोसते, केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाची जंगलं उभी राहतात. रॉकफिश, लिंगकॉड हे मासे तिथेच सापडतात, आणि गरवणारे केल्पलाच कयाक अडकवून नांगराचं काम भागवतात. अशी जागा मी दुसरी पाहिली नाही. तिथे जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही.

पण कपडे पाण्याचा पारा बघून घालायचे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं, आणि भिजलेला सुती कपडा काहीच अडवत नाही. वेटसूट अंगालगत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो. ड्रायसूट पाणी आत येऊ देत नाही, पण तो स्वतः उबदार नसतो, आतून लोकरीचे किंवा थर्मलचे कपडे लागतात. उन्हात यात घाम येतो, तर येऊ दे.

"लाईफ जॅकेट न पोहणाऱ्यांसाठी. सीटमागे ठेवलं तरी चालेल."

वर सांगितलेलं पहिलं मिनिट आठवा. त्या मिनिटात तोंड पाण्याच्या वर ठेवणारी ती एकच वस्तू आहे. आणि मागे खोचलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालायला शाबूत बोटं लागतात.

"किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत राहा, काही होत नाही."

ब्रिटनच्या गृहखात्याच्या १९७७ च्या अहवालात उघड्यावरच्या पाण्यातले बुडून झालेले मृत्यू तपासले होते. निम्म्याहून अधिक माणसं सुरक्षित जागेपासून ३ मीटरच्या आत बुडाली होती, आणि त्यांतली दोनतृतीयांश चांगली पोहणारी समजली जात. शिवाय वारा. मतलई सुटला की होडी आपोआप बाहेर ओढली जाते हे आपल्या कोळीवाड्यातलं पोर जाणतं. कयाक होडीहून हलकी. अनोळखी किनाऱ्यावर वारा कधी फिरतो हे तिथल्या माणसाला विचारूनच निघायचं.

"रमचा एक घोट घ्या, ऊब येते."

दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, म्हणून गरम वाटतं, आणि तेवढीच आतली ऊब बाहेर जाते. पाण्यावर दारू नकोच.

"समुद्राला परवाना लागत नाही."

नॉर्वेत पर्यटकाला रॉडने समुद्रात गरवायला लागत नाही. कॅलिफोर्नियात १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो, एक दिवसाचाही मिळतो. सूट आहे ती सार्वजनिक धक्क्यावरून गरवायला, कयाकला नाही.

जूनमध्ये निघालेल्या दोघांशी मी बोलले. वेटसूट आणि कयाक एकत्र भाड्याने देणारं दुकान त्यांनी शोधलंय. पहिला दिवस शिकवणाऱ्याबरोबर उथळ पाण्यात जाणार: कयाक मुद्दाम उलटवायची, चढायचं, पुन्हा उलटवायची. रॉड त्या दिवशी खोलीवरच राहील.